बंदुकीच्या नळीतलं कुंकू

आबांच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता जमायच्या, गंज आणि किस्से. गंज आम्ही घासून काढायचो. किस्से मात्र कशानेच निघाले नाहीत, म्हणून ते इथे उतरवून ठेवतो.

आबा म्हणजे माझे काका. बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ त्यांचं बंदुका दुरुस्तीचं लायसनवालं दुकान. तापीकाठच्या गावांत पाटलाकडे, एखाद्या मोठ्या शेतकऱ्याकडे ठासणीची बंदूक असायची. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि रानडुकरांच्या दिशेने बार काढायचा. ज्वारी राखायची तर दुसरा उपाय नव्हता.

मी कलकत्त्याहून केमिस्ट्री शिकून परत आलो तो हे दुकान पाहून पेटलोच. लोक म्हणत, वकिली कर, सरकारी नोकरी कर. मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं, की शास्त्र शेतकऱ्याच्या हातात पोचलं नाही तर ते शिकून उपयोग काय? आणि शेतकऱ्याच्या हातात तर गंजकी बंदूक होती!

त्यात तहसील कचेरीची ऑर्डर निघालेली. दरवर्षी दसऱ्यानंतर सगळ्या बंदुका आणून दाखवायच्या. जिच्या नळीत गंज निघेल ती जप्त. मी येण्याच्या आदल्या वर्षी डोईफोडियाच्या दगडू पाटलांना शेवटची ताकीद मिळाली होती. त्यांचं शेत जंगलाला लागून. बंदूक गेली की ज्वारी गेली, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाटलांच्या बंदुकीला गंज का चढतो, हे मला पहिल्याच भेटीत कळलं. दसऱ्याला ते तिची यथासांग शस्त्रपूजा करत. दूध, दही, मध, वर ओलं कुंकू. आणि हे सगळं बाहेरूनच नव्हे, नळीच्या आतसुद्धा. मी म्हणालो, पाटील, निदान आत तरी ओतू नका. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

"भाऊ, आवाज कुठून निघते? आतून ना? मग देवी बाहेर कायले बसीन?"

*

माझं पहिलं व्याख्यान गरम पाण्यावर झालं. बंदुकीच्या दारूची राख नळीत राहते, ती हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. ती तेलाने निघत नाही, पाण्याने निघते. म्हणून आधी उकळतं पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

दुपारी दुकानाच्या बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. मी काकूकडून उकळत्या पाण्याची किटली आणली आणि एका बंदुकीच्या नळीत ओतायला लागलो. अख्खा बाक उठून उभा राहिला. लोखंडात पाणी! एकाने तर डोळ्यांवर हात घेतला.

आबा शांतपणे म्हणाले, "बसा, बसा. कलकत्त्याला बंदुकीला आधी चहा पाजतात."

पाणी काळंकुट्ट होऊन बाहेर आलं. तापलेली नळी आपोआप कोरडी झाली आणि आतून चांदीसारखी चमकली. तेव्हापासून बंदूक धुवायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आबांना विचारायचं, "हिचा चहा झाला का?"

*

पाण्यानंतर प्रश्न तेलाचा. कुठलं तेल सगळ्यात चांगलं? मी कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा नव्हतो. तीळ, जवस, करडई, एरंडेल, मोह आणि खोबरेल अशी तेलं वाट्यांत घेतली, प्रत्येक वाटीत नवे कोरे खिळे बुडवले आणि वाट्या माडीवर मांडून ठेवल्या. आधी खिळे मुरू द्यायचे, मग काढून ओलसर जागी टांगायचे आणि कोणता आधी गंजतो ते पाहायचं, असा बेत.

एकदा आबांसोबत तापीच्या राजघाटावरून परतलो, तर घरात भज्यांचा घमघमाट. चार-पाच भजी खाल्ल्यावर मला माडीची आठवण झाली. वर गेलो. वाट्या पालथ्या घातलेल्या.

काकूने सगळं तेल एका कढईत ओतलं होतं. तेल वाया जाताना तिला बघवेना. वर तिचाच तोरा, "आणि तुझे खिळे काही फेकले नाहीत हो, वासू. घासून, धुऊन ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी सगळे खिळे अगदी सारखे गंजले होते. आबांनी एकच शेरा मारला, "एरंडेल घालायला नको होतं." तो का मारला, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

*

जवसाच्या तेलाचा निकाल शाहपूरच्या खुशालभाऊंनी लावला. माणूस हौशी. मी नुसतं "तेल लावत जा" म्हटलं, तर त्यांनी घरात होतं ते जवसाचं तेल नळीत आत-बाहेर चोपडलं, गज नळीतच ठेवला आणि बंदूक पत्र्याखाली उन्हात टांगली.

जवसाचं तेल सुकतं. सुतार लोक म्हणूनच ते लाकडाला लावतात. खुशालभाऊ बंदूक घेऊन आले तेव्हा गज नळीत असा बसला होता की दोन माणसांनी दोन्हीकडून ओढूनही हलेना. टोपीवर आपटणारा घोडा अर्धवट उठून तसाच थांबलेला.

खुशालभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, गंज आहे का? मी म्हटलं, गंज मुळीच नाही.

"मग झालं तर. आता डुक्कर बी सुरक्षित अन् मी बी."

*

जंगलाकडच्या एका गढीच्या ठाकूरसाहेबांना मात्र तेल हा शब्दच आवडला नाही. तेल रयत लावते. त्यांच्या आजोबांपासूनच्या बंदुकीला गाईचं साजूक तूप लागायचं, तेसुद्धा भरपूर. मी खूप समजावलं की तूप आंबतं, त्याला किडामुंगी लागते. त्यांनी मला विडा दिला आणि विषय संपवला.

गढीवर कोणी बडे पाहुणे आले, तेव्हा सलामी द्यायची ठरली. आबांना आणि मलाही बोलावणं होतं. ठाकूरसाहेबांनी स्वतः नळीत नुसती दारू ठासली, नळी आकाशाकडे केली, बार काढला. धूर निघाला आणि पाठोपाठ पाहुण्यांच्या पांढऱ्या साफ्यावर मुंग्यांचा पाऊस पडला. काही मेलेल्या, काही चांगल्या जिवंत आणि चिडलेल्या.

पाहुणे साफा झटकत उभे राहिले. ठाकूरसाहेबांची मान जराही झुकली नाही.

"गोली तो सब की बंदूक में रहती है, हुजूर। हमारी में फ़ौज रहती है।"

*

नामदेव हा डोईफोडियाचाच तरुण शेतकरी, नुकतंच लग्न झालेला. घरात दुसरं तेल नव्हतं म्हणून त्याने बायकोचं मोगऱ्याचं तेल बंदुकीला लावलं. बंदूक झकास राहिली. पण नामदेव शेत राखून सकाळी घरी यायचा, तेव्हा त्याच्या मुंडाशाला, खांद्याला, हाताला मोगऱ्याचा वास! आणि बायकोची बाटली तर रिकामी होत चाललेली.

शेवटी ती बाई नवऱ्याला आणि बंदुकीला घेऊन थेट दुकानात आली. आबांनी देवाशपथ सांगितलं की हा वास बंदुकीचाच. तिने आधी बंदूक हुंगली, मग मुंडासं हुंगलं. खात्री झाली, पण राग काही गेला नाही.

"माझं तेल तिले लावतो, मांडीवर तिले घेऊन बसतो. मग भाकरी बी तिच्याच हातची खा."

त्यानंतर नामदेव तिळाचं तेल न्यायला लागला. माझा निष्कर्षही तोच होता. तिळाचं तेल लवकर सुकत नाही, थंडीत थिजत नाही आणि संशय येत नाही.

*

आता पुन्हा दगडू पाटील. मी सांगितलं म्हणून त्यांनी तिळाचं तेल लावलं, पण पाटलांचा हात सढळ. नळीत तेल ओतलं आणि बंदूक तोंड वर करून कोपऱ्यात उभी केली. तेल सावकाश खाली उतरलं आणि दारू जिथे पेटायची तिथेच साचलं.

ज्वारी पोटऱ्यात आली होती. डुकरांचा कळप शिरला, पाटलांनी घाईने दारू ठासली, टोपी बसवली, चाप ओढला. नुसतं टक्. पुन्हा टोपी, पुन्हा टक्. पाटील सांगत होते की एका डुकराने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं. शेताचा एक कोपरा साफ झाला.

मी तळमळून सांगितलं की तेल बोटभर फडक्याला लावतात, आणि तेल लावलेली बंदूक नेहमी तोंड खाली करून ठेवतात. पण पाटलांचा तेलावरून विश्वास उडाला होता. आम्ही बंदूक धुऊन दिली, त्यांनी ती फडक्याने खसाखसा कोरडी केली आणि म्हणाले, आता हिले तेलाचा वाससुद्धा दाखवणार नाही.

दसरा तोंडावर आला होता. मी हात जोडले. निदान पूजा कोरडी करा, दूध-दही नको, ओलं कुंकू तर नकोच. पूजा झाली की उकळतं पाणी आणि थोडं तेल. पाटलीणबाई सोबत होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पाटील मान डोलावून फक्त "हाव" म्हणाले.

*

तपासणीच्या दिवशी पाटलीणबाईंना काकूजवळ दुकानात बसवून आम्ही कचेरीत गेलो. नायब तहसीलदार साहेब नवे होते, कडक होते. गजाला पांढरं फडकं गुंडाळायचे, नळीत घालून फिरवायचे आणि बाहेर काढून उन्हात धरायचे. दोन बंदुका आमच्या डोळ्यांदेखत जप्त झाल्या. मी पाटलांच्या कानात विचारलं, सगळं केलं ना? ते म्हणाले, "हाव."

फडकं आत गेलं आणि बाहेर आलं. लाल.

साहेबांनी फडकं पाटलांच्या नाकासमोर धरलं. "ये क्या है?"

पाटलांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि डोळ्यांना लावलं. "इच्छादेवीचं कुंकू आहे साहेब. दसऱ्याचं."

"नली के अंदर?"

"देवी आतच राह्यते ना साहेब."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आबांनी मान डोलावली, कारण हे शंभर वेळा ऐकलेलं होतं. मी काही बोलण्याआधीच पाटलांनी फडक्यावर बोट फिरवलं आणि स्वतःच्या कपाळाला टिळा लावला. चपराशी पुढे होऊन वाकला, त्याला लावला. आबांना लावला, मला लावला. मग बोट तसंच धरून ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

अंगणभर शेतकरी पाहत होते. साहेबांनी टोपी काढली आणि मान खाली केली.

बंदूक पास झाली.

आम्ही अगदी मिरवणुकीने दुकानात आलो. आमची कपाळं पाहून पाटलीणबाईंनी विचारलं, हे काय? आबांनी रंगवून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग हळूच नवऱ्याकडे वळल्या.

"पण कुंकू कुठलं? भाऊंनी नको म्हटलं म्हणून यंदा मी पूजेले नुसती फुलं देलती."

पाटलांनी बंदूक अलगद कोपऱ्यात टेकवली, तोंड खाली करून.

"काकू," ते आत पाहत म्हणाले, "जरा गरम पाणी ठेवता का?"