खिडकी उघडल्याशिवाय

थेरगावहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. डांगे चौकात बायकोला भाजीची गाडी लावून देतो आणि पहिलं गिऱ्हाईक येऊन भवानी झाली की धावत बस पकडतो. बसला की त्याचं इंग्रजी सुरू. ‘‘आय ओपन द विंडो,’’ म्हणत खिडकी उघडतो. मग ‘‘आय ओपन्ड द विंडो.’’ मग तोंडावर वारा घेत, समाधानानं, ‘‘आय हॅव ओपन्ड द विंडो.’’ थंडीत मागचे ओरडतात, पण हा ढिम्म.

एकदा मी म्हटलं, ‘‘अहो, नुसतं म्हणा की!’’

‘‘न उघडता उघडली कसं म्हणू, भाऊ?’’

मराठीत मात्र गडी बिनधास्त थापा मारतो. चहाच्या टपरीवरून बायकोला फोनवर ‘ओव्हरटाइम लागलाय’ सांगतो. त्यामुळे मला त्याचं कोडंच पडायचं.

गेल्या आठवड्यात आमच्या लाइनवर परदेशी पाहुणे आले. काहीही विचारलं तरी ‘येस’ म्हणा, असं सुपरवायझरनं बजावलं होतं. पाहुणा नेमका याच्यापाशी थांबला आणि हे बोल्ट तपासलेत का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं.

हा ताठ उभा राहिला. ‘‘नो सर. आय हॅव नॉट चेक्ड.’’

लाइन थांबली. सुपरवायझरनं याला तिथल्या तिथं पॅकिंगला पाठवलं.

परतताना मी चिडून विचारलं, ‘‘येस म्हणायला तुमचं काय जात होतं, राव?’’

त्यानं खिडकी उघडली.

‘‘इंग्रजीत मला आज पहिल्यांदाच कुणी काही विचारलं, भाऊ. भवानीच खोट्यानं कशी करू?’’