कोचची बाजू घेणारा माणूस

हरणाऱ्या कोचवर आमच्या घरमालक काकांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या मिडवेस्टमध्ये दुसरा नव्हता, आणि त्यात खुद्द कोचची बायको धरली तरी मी हे विधान मागे घेणार नाही. तिलाही ओळीने चार मॅच हरल्यावर आपल्या नवऱ्याचं काहीतरी चुकतंय असं वाटलं असेल. काकांना वाटत नसे. पेपरवाले, रेडिओवाले, न्हावी, पोस्टमन, एवढंच काय, चर्चमधले पाद्रीसुद्धा कोचला काढा म्हणत होते, आणि काका एकटे त्याच्या बाजूने उभे होते, डोक्यावर माकडटोपी आणि तिच्यावर टीमची टोपी घालून.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये मी पीएचडी करायला त्या गावात आलो. गाव म्हणजे एक विद्यापीठ, त्याचं स्टेडियम आणि उरलेला सगळा मका. काका तिथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सोलापूरहून शिकायला म्हणून आले आणि विद्यापीठाच्याच माती तपासायच्या लॅबमध्ये चिकटले. काकू मी यायच्या आधी दोन वर्षं गेल्या होत्या. मुलगा शिकून रेडमंडला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेला होता. घरात काका एकटे, म्हणून बेसमेंट ते मराठी विद्यार्थ्यांना भाड्याने देत. इतर घरमालक विचारतात, सिगरेट ओढतोस का, भांडी वेळेवर घासतोस का. काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "शनिवारी मोकळा असतोस का?" मला वाटलं, लॉन कापायचं असेल. मी हो म्हणालो. त्या एका होकारापायी मी तीन सीझन थंडीत कुडकुडत काढले.

झालं होतं असं की काकांकडे स्टेडियममधली दोन कायमची तिकिटं होती. एक त्यांचं, एक मुलाचं, तो शाळेत होता तेव्हापासूनचं. मुलगा गेला, पण तिकीट सोडायला काका तयार नव्हते. त्यामुळे लोकांकडे खोलीबरोबर पार्किंग मिळतं, तशी काकांकडे खोलीबरोबर स्टेडियममधली खुर्ची मिळे, आणि ती रिकामी ठेवायची परवानगी नसे. एकदा मिडटर्मचा अभ्यास आहे म्हणून मी नाही म्हणून पाहिलं. "पुस्तक घेऊन चल," काका म्हणाले, "हाफटाइमला वाच."

अमेरिकन फुटबॉलमध्ये फुटचा संबंध कमी येतो, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. काकांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून, लसणीच्या पाकळीला चेंडू करून मला तो खेळ शिकवला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. तीन प्रयत्नांत जमलं नाही की चौथ्याला दोन वाटा. एक तर छातीठोकपणे पुन्हा घुसायचं, नाहीतर चेंडूला लाथ मारून तो लांब उडवायचा आणि समोरच्यांच्या हवाली करायचा. याला पंट म्हणतात. आमच्या कोचची सगळी कीर्ती या पंटवर उभी होती. वीतभर जागा उरली असली तरी पंट. हरत असताना पंट. सामना संपत आलेला, आता चेंडू पुन्हा हाती येण्याची आशा नाही, तरी पंट. त्याने पंटची खूण केली की सगळं स्टेडियम 'बू' करून ओरडायचं, आणि त्या गदारोळात काका शांतपणे उभे राहून टाळ्या वाजवायचे. "बरोबर केलंस," ते मैदानाकडे बघून मराठीतून म्हणायचे. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी एकदा मागे वळून, तब्येत बरी आहे ना, म्हणून त्यांना पाणी दिलं. मला ते म्हणत, "अरे, हा मुळात कसोटी क्रिकेटचा माणूस आहे. ड्रॉ करायला निघालाय बिचारा. या खेळात ड्रॉ होत नाही हा काय त्याचा दोष?"

मॅचच्या दिवशी सकाळपासून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या पेटवतात आणि बर्गर भाजत बसतात. याला टेलगेट म्हणतात. काका कॅम्पिंगच्या स्टोव्हवर थालीपीठं लावत. ती सपाट होण्यासाठी थापायला त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर एक पोळपाट कायमचा ठेवला होता. शेजारी नेहमी एक धिप्पाड ट्रकवाला असे. तो थालीपीठावर केचप ओतून खाई आणि प्रत्येक वेळी कोचच्या नावाने शंख करी. काका त्याच्याशी अक्षर बोलत नसत, फक्त पुढच्या थालीपीठात मिरची वाढवत. सोमवारी संध्याकाळी रेडिओवर श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम असे, त्यात काका हटकून फोन लावत. निवेदकाने त्यांचं नाव 'प्रोफेसर' ठेवलं होतं, कारण ते सुरुवातच मैदानातल्या मातीत या आठवड्यात ओल किती होती इथून करत आणि अशा मातीत पंटशिवाय दुसरं काहीही शास्त्राला धरून नाही, इथे येऊन थांबत.

मराठी मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं ते एकाच कारणासाठी, की दिवाळीच्या कार्यक्रमाची तारीख अध्यक्ष ठरवतो. सीझनमध्ये एखादा शनिवार असा येतो की टीमला सामनाच नसतो. तो बाय वीक. काका दिवाळी बाय वीकला ठेवत. कॅलेंडरातल्या दिवाळीचा आणि तिचा संबंध असेलच असं नाही. एका वर्षी बाय वीक इतका लवकर आला की आमची दिवाळी दसऱ्याच्या आधी झाली. कमिटीतल्या नागपूरच्या एक काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, रावण मरायचा आहे ना अजून."

"मरेल हो," काका म्हणाले, "त्याचा डिफेन्स कच्चाच आहे." आणि हॉल बुक करून मोकळे झाले.

मला वाटे, मॅच बुडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. खरं कारण मला कळलं ते पुढच्या वर्षीच्या बाय वीकला. त्या वर्षी हॉल मिळाला नव्हता आणि दिवाळी तिच्या स्वतःच्या तारखेला होणार होती. शनिवारी दुपारी काका घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बघायला म्हणून बेसमेंटमध्ये आले. फिल्टर बघून झाला. मग त्यांनी पाण्याचा हीटर बघितला. मग खिडक्यांच्या फटी. मी चहा टाकला तेव्हा कुठे ते बसले.

एरवी शनिवारी मॅच संपून आम्ही घरी आलो की थोड्या वेळाने वर स्वयंपाकघरातला फोन वाजायचा आणि माझ्या डोक्यावर काकांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. ओट्यापासून टेबलापर्यंत, फोनची वायर पुरेल तितक्या. "नो, नो, लिसन टू मी," असं काका म्हणत आणि पलीकडून मुलगा काय म्हणत असेल ते मला न ऐकता कळे. त्या दिवशी वर सगळं सामसूम होतं.

"आज फोन नाही यायचा," काका म्हणाले. "मॅच नाही ना."

मी म्हटलं, "मग तुम्ही करा की काका."

"करून काय बोलू?" त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "तुझी काकू होती तेव्हा फोन तिच्याकडेच असायचा. ती तासभर बोलायची आणि शेवटी म्हणायची, थांब, बाबांना देते. मी फोन घेऊन विचारायचो, गेम बघितलीस का? तो म्हणायचा, येस. मी म्हणायचो, बरंय. बाकीचं सगळं ती मला रात्री सांगायची. त्याला बढती मिळाली, त्याचं दाढेचं ऑपरेशन झालं, सगळं. आता मी विचारतो जेवलास का, तर येस म्हणतो. थंडी आहे का, येस. पुढे काय विचारायचं ते मला येत नाही रे." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "एकदा तो कोचवर भडकला. मी सहज म्हटलं, तसं नाही, त्याची बाजू पण बघ. तर गडी पाऊण तास भांडला माझ्याशी. काकू गेल्यापासून एवढा बोलला नव्हता. तेव्हापासून मी कोच सोडला नाही."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला स्वतःला तो कोच..."

"बावळट आहे तो," काका म्हणाले. "पेन्शन घेऊन कधीच घरी बसायला हवा होता. पण तू कुणाला बोलू नकोस."

मी कुणाला बोललो नाही. पण त्यानंतर प्रत्येक मॅचला मी मनातल्या मनात पंटची वाट बघू लागलो. सगळ्या गावाला कोच जायला हवा होता आणि आम्हा दोघांना तो राहायला हवा होता, आणि आमची मागणी अशी होती की ती रेडिओवर मांडता येत नव्हती.

व्हायचं ते झालं. त्या सीझनच्या अखेरीला कोचला काढलं. गावात लोक हॉर्न वाजवत फिरले. काकांनी त्या दिवशी लॅबमधून सुट्टी घेतली, आणि विचारलं तर घरी जवळचं कुणी गेलंय असं साहेबाला सांगितलं. नवा कोच तरुण होता, चौथ्या प्रयत्नालाही बेधडक घुसायचा, आणि वाईट म्हणजे जिंकायचा. दर शनिवारी जिंकायचा. फोन यायचा, पण डोक्यावरच्या फेऱ्या थांबल्या. "ग्रेट गेम, डॅड." "व्हेरी गुड गेम." "ओके, टेक केअर." बूट काढून मी पलंगावर टेकेपर्यंत फोन संपलेला असे. काकांनी खूप प्रयत्न केला. नवा कोच च्युइंगगम चघळतो, गुडघ्यापर्यंत चड्डी घालून मैदानात येतो, अशाने पोरांना काय वळण लागणार, असं त्यांनी फोनवर बोलून पाहिलं. मुलगा नुसता हसला. रेडिओच्या निवेदकानेही 'प्रोफेसर, वी आर विनिंग,' म्हणून फोन मध्येच बंद केला. हा माणूस आता सठिया गया है, असं माझ्या लॅबमधल्या दिल्लीच्या मित्राचं मत पडलं.

नोव्हेंबरमध्ये मुलाने कळवलं की आमच्या स्टेडियममधल्या शेवटच्या मॅचला तो येतोय. काकांनी आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं. गाद्यांना ऊन दाखवायला ऊनच नव्हतं, म्हणून त्या फर्नेसच्या जाळीपाशी उभ्या केल्या. काकूंच्या हातची भाजणी संपून चार वर्षं झाली होती, तर नागपूरच्या काकूंकडून भाजणी आणली. खुर्ची अर्थातच मुलाची होती. मी बेसमेंटमध्ये टीव्ही लावून बसलो, आणि जन्मात पहिल्यांदा आमच्या टीमने हरावं, निदान रडतखडत जिंकावं, म्हणून देवाला साकडं घातलं. देव त्या दिवशी बहुधा दुसरीकडे बिझी होता. पहिल्या क्वार्टरमध्येच सामना संपल्यात जमा झाला. आम्ही इतके पुढे होतो की राखीव पोरंसुद्धा खेळून घेत होती.

रविवारी मुलाला सोडायला शिकागोच्या विमानतळावर जायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काका हायवेवर गाडी चालवत नसत, म्हणून ड्राइव्ह मी करत होतो. मुलगा माझ्या शेजारी बसला होता, काका मागे. मुलगा चांगला होता, उंच, जरासा लाजाळू, अगदी काकांचं नाक. वाटेत त्याने मला माझ्या रिसर्चबद्दल विचारलं. काकांनी मागून विचारलं, "थंडी वाजते का?" तो म्हणाला, "नो, आय'म गुड." विमानतळावर त्याने वडिलांना मिठी मारली. मिठी सोडताना दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं हे मला स्टिअरिंगमागूनही दिसत होतं. मुलाने तोंड उघडलं आणि म्हणाला, "ग्रेट सीझन, डॅड."

"व्हेरी गुड सीझन," काका म्हणाले. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो आत गेला.

परतताना काका पुढे येऊन बसले. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं, वर करडं आभाळ. मी विचारलं, "काल गेम कशी झाली काका?"

"फारच चांगली," काका म्हणाले. "चार तास शेजारी बसलो होतो. बोलायला काही उरलंच नाही."

मग मी म्हटलं, "काहीही म्हणा, थर्ड क्वार्टरमध्ये चौथ्या प्रयत्नालाही कोच घुसला, ते मला मूर्खपणाचं वाटलं. सरळ पंट करायला हवा होता."

एक ट्रक बाजूने निघून गेला. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

"नो, नो," ते एकदम म्हणाले, "लिसन टू मी."

आणि ज्या माणसाने पंटपायी सगळ्या गावाशी वैर घेतलं होतं, तो पंट किती भेकडपणाचा, चेंडू हातात असताना माणसाने कसं घुसलंच पाहिजे, हे हातवारे करून सांगू लागला. सगळं इंग्रजीतून. माझ्याशी काका तीन वर्षांत कधी इंग्रजी बोलले नव्हते. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता, आणि हे कुणाशी बोलणं चाललंय ते मला कळत होतं. मी गाडी उजव्या लेनमध्ये घेतली, वेग कमी केला, आणि जमेल तसल्या इंग्रजीत कोचला शिव्या घालत राहिलो.