पांढऱ्याखालची अक्षरं

थोरली जाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायची. नवरा गेल्यावर त्याचे ब्रश, त्याची गिऱ्हाइकं आणि त्याची सवयही तिने उचलली. बारीक अक्षर काढायच्या आधी ब्रशाचं टोक ओठांत धरून ओढायचं, म्हणजे त्याला सुईसारखं टोक येतं. सफेदा, म्हणजे पाट्यांचा पांढरा रंग, जिभेला जरासा गोड लागतो, हे तिनेच एकदा धाकट्या जावेला हसत सांगितलं होतं. धाकटीने तोंड वाकडं केलं आणि विसरून गेली.

जुनी पाटी आली की थोरली आधी तिच्यावर सफेद्याचा हात मारून वाळत ठेवी. रस्त्यापलीकडे पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावर एक माडी होती. तिथे काही बायका चित्रं काढायला जमत. शहरातल्या नव्या चित्रकारांच्या मंडळाने त्यांना घेतलं नव्हतं. मंडळी स्वतः चौकोन-त्रिकोण रंगवत, पण बायकांनी फुलं काढावीत असं तोंडावर सांगत. तेव्हा बायकांनी आपली वेगळी खोली केली. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाई खोलीसाठी पाटी करून घ्यायला आल्या आणि वाळत घातलेल्या फळीपुढे उभ्याच राहिल्या. पांढऱ्याखालून जुनी अक्षरं अर्धीमुर्धी दिसत होती.

"यावर आता काही लिहू नका."

"मग गिऱ्हाइकाला काय देऊ, कपाळ?"

"ही मला द्या. अहो, हे चित्रच झालंय."

थोरलीला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन माडीवर गेली. पुढे ती तिथलीच झाली. फळीवर अक्षरं लिहायची, सफेद्याने बुजवायची, पुन्हा लिहायची, पुन्हा बुजवायची आणि शेवटच्या ओल्या थरात खिळ्याने एक रेघ ओढायची. धाकटीचा नवरा म्हणे, "वहिनी, पांढऱ्यावर पांढरं! एवढंच होतं तर आपली मागची भिंत नेऊन टांगायची." थोरली म्हणे, "भावजी, त्या भिंतीला पोपडे आलेत, नाहीतर नेली असती." घरात हशा व्हायचा. नवऱ्यामागे ती इतकी मोकळी हसताना धाकटीने पहिल्यांदाच पाहिली होती.

मग थोरलीचं जेवण तुटलं. पोटात कळा यायच्या, चेहरा मेणासारखा झाला. एकदा तिच्या हातून भरलेला तांब्या सुटला. मनगट असं लोंबत होतं, जणू त्यातलं हाडच कुणी काढून घेतलंय. "झोपेत हात अंगाखाली आला असेल," ती म्हणाली. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच महिन्यात माडीवरच्या बायकांचं प्रदर्शन झालं. थोरलीच्या रेघा आता सरळ येत नव्हत्या. मध्येच थरथरत, मध्येच खाली घसरत. वर्तमानपत्रात चित्रांवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी नेमकं त्यावरच लिहिलं, की या बाईंची रेघ आता खऱ्या अर्थाने मोकळी झाली, तिने हाताची गुलामी झुगारली. चष्मेवाल्या बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी टाळ्या वाजवता वाजवता थांबली. त्या रेघेसारखाच घरात तांब्या घसरला होता.

ती थोरलीला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ओठ उलटून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळीकाळी किनार होती.

"सफेदा म्हणजे शिसं आहे, बाई. ते तुमच्या अंगात भिनलंय. आजपासून हात लावू नका. हळूहळू मनगट परत उठेल. नाही ऐकलंत तर हात जाईल, आणि त्यानंतर डोकं."

थोरलीने पदर सावरला. घरी आल्या तर दारात चष्मेवाल्या बाई उभ्या, आनंदाने धापा टाकत. मंडळाने पुढच्या मोठ्या प्रदर्शनात बायकांना घ्यायचं ठरवलं होतं. मधली भिंत थोरलीला. नव्या फळ्या हव्यात, आणि तीच रेघ.

धाकटीने सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "नको मग. जिवापेक्षा काय मोठं?" त्या म्हणाल्या. जरा वेळाने चाचरत म्हणाल्या, "दुसरा पांढरा मिळतो, जस्ताचा. बघा करून." थोरलीने करून पाहिला. एवढे थर त्याला पेलले नाहीत. वाळल्यावर भेगा पडल्या आणि खालची अक्षरं तुटकी दिसायला लागली. तिने फळी उलटी करून ठेवली.

त्या दुपारी धाकटीने सफेद्याचा डबा उचलला आणि माळ्यावर अंथरुणांच्या मागे सारला. देवापुढे हात जोडून म्हणाली, तिला राग येऊ दे, पण डबा नको सापडू दे.

थोरलीला रागही आला नाही. तिने विचारलंसुद्धा नाही. मागच्या खोलीतून खर्र खर्र आवाज यायला लागला म्हणून धाकटी धावली. थोरली जमिनीवर बसली होती. पडत्या हाताला दुसऱ्या हाताचा टेकू देऊन ती जुन्या पाट्यांवरचा वाळका सफेदा सुरीने खरवडत होती. खिडकीच्या उन्हात पांढरी भुकटी तरंगत होती. तिच्या केसांत, पापण्यांवर, नाकाशी तीच.

"जाऊबाई, श्वासाबरोबर आत जातंय ते! सोडा!"

"तेलात खलून होईल पुरेसा."

"मराल ना हो!"

"आजवर दुसऱ्यांचीच नावं रंगवली, गं. ही एक भिंत माझी आहे." एवढं बोलून ती पुन्हा खरवडायला लागली.

धाकटी दारात उभी राहिली. भुकटी तिच्याही पायांवर येऊन बसत होती. शेवटी ती माळ्यावर चढली आणि डबा काढून आणला. ओला सफेदा निदान उडत तरी नाही, असं ती स्वतःला सांगत होती. झाकण तिनेच उघडलं.

थोरलीने थर दिला. खिळा उचलायची वेळ आली तेव्हा मनगट उठेना. दोनदा खिळा खाली पडला.

"धर."

धाकटीने मनगटाखाली तळवा दिला. हात थंड होता आणि त्याला काही वजनच नव्हतं.

"दाबू नकोस. मी जाईन तिकडे ये."

रेघ वरून निघाली, थरथरत बुजलेल्या अक्षरांवरून गेली आणि एका बाजूला कलत खाली उतरली. ती सुंदर होती. धाकटीला तसं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

थोरलीने फळीकडे बराच वेळ पाहिलं. मग थकून भिंतीला टेकली.

"उद्या लवकर उठव मला," ती म्हणाली. "दुसरी घ्यायचीय."

"बरं," धाकटी म्हणाली.