बर्फाच्या कारखान्यातला बांधलेला दांडा

आधी बडनेऱ्याच्या फिटरमामांविषयी लिहितो, घटना मागून. ते रेल्वेत फिटर होते आणि सुटीच्या दिवशी बाहेरची मशीने पाहत. ते भेटले नसते, तर माझ्या हातून एक निरपराध माणूस तुरुंगात गेला असता. साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मी रत्नागिरीकडचा, सातवीत शाळा सोडलेला, अकोल्यात नवा हवालदार. पंचनाम्यात यंत्राचे नाव लिहायचे म्हटले तरी मला घाम फुटे.

हजेरी आटोपते तोच खबर आली, कापूसबाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात पाणी गोठवायचा अमोनिया वायू सुटला. आम्ही पोचलो तेव्हा माणसे ओले दुपट्टे तोंडाला लावून बाहेर पळत होती. कारखान्याच्या मिस्त्रीने नळाचा मागचा कॉक फिरवून बंद केला म्हणून निभावले. दोघांना इस्पितळात हलवले. आठवड्याने ते सुखरूप घरी आले.

मालक म्हणाले, "घातपात आहे, सायेब. मी काढलेला गडी सकायी आत आलता." समोरच्या पानठेलेवाल्यानेही त्याला पाहिले होते. दर्यापूरकडच्या त्या गड्याला ठाण्यात आणले. घरी बायको, दोन लेकरे.

"कावून गेला होतास?" मी वऱ्हाडीत 'का' विचारायचा प्रयत्न केला.

एवढ्या भीतीतही त्याला हसू आले. "तुमी आपलं कोकनीच बोला, सायेब. मिस्त्रीले सांगाले गेलतो, तेल काढताना दांडा बांधू नको म्हनून. मी बांधत नवतो, म्हनून तं मले काढलं."

आमच्या साहेबांना ते पटले नाही. संध्याकाळपर्यंत कागद तयार करा, म्हणाले. मला चैन पडेना. हा दांडा कसला, हेच मला माहीत नव्हते. मग माणूस खोटे बोलतो असे कशाच्या जोरावर लिहू?

कारखान्यात परत गेलो. मशीन तपासायला मालकांनीच फिटरमामांना बोलावले होते. मी चाचरत म्हणालो, "मामा, मला यातले काही कळत नाही."

"बर्फ तुमी मासोयीवरच पायला असन," ते म्हणाले. "या इकडं. मले तरी कोनं पोटातून शिकवून पाठवलं होतं?"

त्यांनी टाकीच्या बुडाशी बोट दाखवले. "मशीनचं तेल इथं जमते. ते रोज काढा लागते. तेलामागं अमोनिया उभाच असते. म्हनून या दांड्याले स्प्रिंग. दाबून धरला का तेल येते, हात सोडला का बंद. पन तेल येते हळू, अन् मानूस कंटायते, मंग दांडा बांधून ठेवते."

दांड्यावरचा आणि शेजारच्या नळावरचा रंग घासून लोखंड चकाकत होते. मामांनी नालीतून एक वाकलेली पट्टी काढली. कापसाच्या गाठी आवळतात, तीच. दांड्याभोवती घातली, तर घासल्या जागी नेमकी बसली.

"एका सकायची घासन नाई हे," मामा म्हणाले.

मी मिस्त्रीला बोलावले. हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. पट्टी फक्त त्याच्यासमोर ठेवली. पट्टीकडे पाहत तो म्हणाला,

"सारेच बांधतेत जी. चहाले गेलो, दोनच मिंटं. तेवढ्यात तेल सरलं."

"मालकांना ठाऊक होतं?"

"त्यायनंच म्हटलं, दांडा धरून उभं राहाले मानूस नाई ठेवला."

त्याच संध्याकाळी गडी सुटला. गुन्हा हलगर्जीचा नोंदला गेला. मामांनी सांगितले तसा नियम झाला: दांडा हातानेच धरायचा, सोबत दुसरा माणूस, आणि दार उघडे. ते काम गड्यालाच परत मिळाले. मी अकोल्यात होतो तोवर तिथे पुन्हा अमोनिया सुटला नाही.

आम्हा पोलिसांना आधी वैरी शोधायची खोड. पुढे फौजदार होऊन निवृत्त होईपर्यंत मी आधी माणसांच्या सवयी पाहत गेलो, आणि कळले नाही तिथे विचारायला लाजलो नाही.

मामांनी कधी काही मागितले नाही. गेल्या खेपेला भेटलो तेव्हा सहज म्हणाले, "समुद्र तेवढा पायचा राह्यला." सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. मामा, एक दिवस बडनेऱ्याहून गाडीत बसवून मी तुम्हाला माझ्या गावच्या किनाऱ्यावर नेणार आहे.