थर्मोकोलमधला मेंदू

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत वेरोनिका रॉड्रिग्जचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, खिडकीला लागून एक लांब टेबल, भिंगाचा दिवा आणि सोल्डरिंगची सामग्री. ट्रॉलरवरचा जीपीएस, वायरलेस किंवा मासे शोधायचं यंत्र खाऱ्या हवेनं मेलं, की ट्रॉलर चालवणारे तांडेल ते बाजाराच्या पिशवीत घालून इथे आणतात.

तिचे पप्पा लिनो रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मोठ्या हौसेनं मुलाला ती विद्या शिकवली आणि मुलीला शेजारी बसवून फक्त तारा सोलायला दिल्या. मुलगा सर्टिफिकेट घेऊन आखातात गेला आणि एका हॉटेलात स्वागताला उभा राहिला. मुलगी तारा सोलता सोलता बाकीचं सगळं शिकली. पण तिला शिकवलं असं कुणी म्हणत नाही, कारण तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. अजूनही नवं गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं, "मेस्त्री खंय आसत?"

"मियाच," वेरोनिका म्हणते.

गिऱ्हाईक नम्रपणे हसतं आणि तिच्या मागच्या पडद्याकडे बघत उभं राहतं, की आता खरा मेस्त्री बाहेर येईल. पडद्यामागे चहाचं भांडं असतं.

सत्यवान मुणगेकर आले तेव्हा तेही पडद्याकडेच बघत होते. सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे अडचण सांगतानाही अर्ज वाचून दाखवल्यासारखा सांगायचा.

"माझ्याकडे दोन हजार तीन सालची गाडी आहे. सदर गाडी सुरू केल्यानंतर साधारण पंचवीस मिनिटांनी बंद पडते. सावलीत उभी केली की पाऊण तासानं आपोआप सुरू होते."

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

मधल्या काळात त्यांनी काय केलं, हेही त्यांनी क्रमवार सांगितलं. कुडाळच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये, जिथे बसायला सोफा आणि प्यायला थंड पाणी मिळतं, तिथे गाडी चार वेळा गेली. पहिल्या वेळी पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्या वेळी कॉइल. तिसऱ्या वेळी दोन सेन्सर आणि, हाताला लागली म्हणून, बॅटरी. चौथ्या वेळी गॅरेजचे मालक सुदेश यांनी स्वतः स्कॅनर लावला. गाडीत काहीही दोष नाही, असं स्कॅनरनं सांगितलं. गाडी तेव्हा थंड होती. गरम गाडीला स्कॅनर लावायचं कुणाला सुचलं नाही, कारण गरम झाल्यावर ती गॅरेजपर्यंत पोचायचीच नाही.

निर्दोष ठरलेली ती गाडी घेऊन सत्यवान आंगणेवाडीच्या जत्रेला निघाले. बरोबर पत्नी सीता, मुलगी भक्ती आणि भक्तीला बघायला आलेला मुलगा, त्याच्या आईसकट. मसुऱ्याच्या अलीकडे, पुढे मागे गाड्यांची रांग असताना, बरोबर पंचविसाव्या मिनिटाला गाडीनं मान टाकली. मुलाची आई रेशमी साडी सावरत दीड किलोमीटर चालली. सत्यवान स्टिअरिंगला बसून राहिले, कारण कुणीतरी बसायलाच हवं होतं. ढकलायला मुलगा आणि भक्ती. भक्तीनं ओढणी कमरेला खोचून जो जोर लावला, तो पाहून मुलानं तिथेच मनातल्या मनात होकार दिला. म्हणजे गाडीमुळे लग्न जमलं. पण सत्यवान हे मान्य करायला तयार नव्हते. त्यांच्या मते लग्न गाडी बंद पडूनही जमलं.

"कुडाळवाले आता काय म्हणतात?" वेरोनिकानं विचारलं.

"म्हणतात, गाडीचा कंप्युटर गेला. नवीन मिळत नाही. गाडी मोडीत काढा." मग आवाज खाली आणून ते घरच्या भाषेत आले. "बायल म्हणता, गाडयेबरोबर तुमीपण जावा."

वेरोनिका उठली. गाडी दारातच होती. डावीकडच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे, डॅशबोर्डखाली कंट्रोल मोड्युल असतं. इंजिनाला ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल किती सोडायचं, हे ठरवणारा हा गाडीचा मेंदू. तिनं टॉर्च मारला.

मेंदू दिसतच नव्हता. दिसत होती एका साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर सगळ्या बाजूंनी थर्मोकोल, आणि त्यावर खाकी चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे. टपालानं परदेशी पाठवायचं पार्सल असावं तसं.

"ह्यां कोणी गुंडाळल्यान?"

"मिया," सत्यवान म्हणाले. आवाजात अभिमान होता. "मोबाइलवर वाचलंय, खारी हवा लागली काय सर्किट कुसता. गेल्या पावसाआधी स्वतः बसान बांधलंय."

"गेल्या पावसाआधी."

"होय."

"आणि गाडी कधीपासून बंद पडता?"

सत्यवानांनी बोटांवर महिने मोजले. अव्वल कारकुनी केलेला माणूस, तारखांचा मेळ घालायला त्यांना वेळ लागला नाही. चार फेऱ्यांत चार तज्ज्ञांनी ते पार्सल पाहिलं होतं. पण थर्मोकोल कळेल असा स्कॅनर अजून निघालेला नाही, आणि हातानं सोडून बघणं हे सोफा असलेल्या गॅरेजला शोभलं नसतं.

"म्हणजे थर्मोकोल काढलो की झाला ना?" त्यांनी आशेनं विचारलं.

"वरसभर शिजलेला आसा ता. आत काय उरला ता बघूया."

तिनं बॅटरीची तार सोडवली, मोड्युल काढून टेबलावर आणलं आणि झाकण उघडलं. एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता. ज्या भागांनी आपली उष्णता बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पेटीला द्यायची, त्यांच्याखालची पेस्ट वाळून भस्म झाली होती. हे डोळ्यांना दिसणारं दुखणं. पण गाडी बंद पाडणारं दुखणं हेच की आणखी कुठलं, हे पाहिल्याशिवाय ती कशाला हात लावणार नव्हती. तिनं मोड्युलला बाहेरून वीज दिली, पलीकडे एक छोटा बल्ब जोडला, आणि सत्यवानांच्या हातात केस वाळवायचा ड्रायर दिला.

"धरा. बल्ब विझापर्यंत."

निवृत्तीनंतर कुणी त्यांना काम सांगितलं नव्हतं. ते ताठ बसून ड्रायर धरून राहिले. पाच मिनिटं झाली. सात झाली. नवव्या मिनिटाला बल्ब फडफडला आणि गेला.

वेरोनिकानं ड्रायर बंद करायला लावला. स्पिरिटात बुडवलेला कापसाचा छोटा बोळा चिमट्यात धरून ती एकेका भागाला टेकवू लागली. स्पिरिट उडतं, तेवढ्यापुरता तो भाग थंड होतो. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा, काही नाही. चौथ्याला बल्ब लागला. तिनं बोळा उचलला. भाग पुन्हा तापला तसा बल्ब गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा लागला.

"हयसर बघा." तिनं भिंग त्यांच्याकडे वळवलं.

एका जाड पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेली होती. तापलं की धातू फुगायचा, चीर उघडायची आणि इंजिनाची ठिणगी बंद. पंप, कॉइल, दोन सेन्सर आणि बॅटरी, सगळ्या बिचाऱ्यांची विनाकारण बदली झाली होती.

तिनं जुनं सोल्डर खरवडून नवं भरलं, कपॅसिटर बदलला, पेस्ट नवी लावली. खाऱ्या हवेची सत्यवानांना वाटणारी भीती काही खोटी नव्हती, म्हणून सर्किटवर संरक्षक लॅकरचा पातळ थर दिला. मोड्युल जागेवर बसवताना मागे वारा खेळेल एवढी फट ठेवली. रिकामं पार्सल सत्यवानांच्या स्वाधीन केलं. ते त्यांनी डिकीत ठेवलं. टाकवेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं देवगडच्या रस्त्याला निघाली. वेरोनिका डावीकडे, खाली वाकून मोड्युलवर हात ठेवून. विसावं मिनिट झालं तसे सत्यवान घड्याळाकडे बघू लागले. चोविसाव्याला त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेनं हळू घेतली, बंद पडलीच तर सावलीत पडावी म्हणून.

"मधे घेवा," ती म्हणाली. "हात भाजणा नाय माजो."

पंचवीस. तीस. चाळीस. एक चढ गाडीनं कुरकुर न करता काढला. सत्यवानांचे डोळे ओले झाल्यासारखे दिसले, पण ते घामानं असावं. तिनंही तिकडे पाहिलं नाही. अशा वेळी तिला आत कुठेतरी फार बरं वाटतं, आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती खिडकीबाहेर बघते.

बऱ्याच वेळानं सत्यवान म्हणाले, "पेट्रोलचो पंप बदललो ना, तेचो गुण आता दिसता."

वेरोनिका बाहेरच बघत राहिली.

भक्तीच्या लग्नात मात्र सीतानं पाहुण्यांना खरं काय ते सांगितलं, थर्मोकोलसकट, नवऱ्याला शेजारी बसवून. बातमी कुडाळला पोचली. पंधरा दिवसांनी सुदेश स्वतः दुकानात आले. हातात दुसऱ्या गाडीचं मोड्युल होतं. दहा मिनिटं ते माशांच्या आवकेवर बोलले.

मग म्हणाले, "आमच्याकडे मागच्या बाजूला एक खोली आहे. एसी आहे. तुम्ही तिथे बसून हे काम करा. गिऱ्हाईकांसमोर यायचीसुद्धा गरज नाही."

"खिडकी आसा?"

"खिडकी नाही. एसी आहे ना."

वेरोनिकानं मोड्युल हातात घेऊन उलटसुलट केलं, कानाशी हलवून पाहिलं. "ह्याची तक्रार काय?"

"गरम झालं की बंद पडतं."

"ठेवा हयसरच, खिडकीकडे," ती म्हणाली. "बेस्तरवारी येवा. आणि गाडी घेवन येवा, नुसतो डबो नको. गाडी बघल्याशिवाय माका काय कळणा नाय."