मास्क धुण्याचं कारण

ती घटना आजही आठवते, असं लिहून आमच्या खात्यातले लोक आठवणींना सुरुवात करतात. मलाही आठवते, पण छाती फुगवून सांगावी अशी ती नाही. बाकीच्या केसेस मी नातवंडांना तिखटमीठ लावून सांगितल्या, ही घरात कुणालाच सांगितली नाही. नावं लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांनी ओळखलं तर ओळखू द्या.

सत्तरच्या दशकाची अखेर. जालना तेव्हा तालुक्याचं ठिकाण होतं, जिल्हा व्हायचा होता. मी तिथं फौजदार. बायको-मुलं गावी, मी क्वार्टरमध्ये एकटा. सकाळची हजेरी, मग टपाल, मग तक्रारदार, दुपारी खानावळीचा डबा. साहेब जेवायला बसले की शिपाई बाहेर निघून जातात. वर्षभरात माणूस समोर बसवून जेवलो नव्हतो. स्वभाव तापट होता, त्यात हे एकलकोंडेपण. मी फार कमी बोलायचो आणि फार लवकर ओरडायचो.

थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून वर्दी आली की बियाण्याच्या कारखान्यातला एक कामगार बेशुद्ध आहे, तोंडाला फेस आहे, विषबाधेचा संशय. हा कारखाना गावाबाहेर होता. ज्वारी-बाजरीचं बियाणं तिथं साफ करायचे, कीड लागू नये म्हणून औषध लावायचे आणि पिशव्या भरायचे. औषध लावायची खोली वेगळी होती. तिथं एका पाळीला एकच माणूस, सकाळी एक आणि दुपारी दुसरा. बेशुद्ध पडला तो दुपारपाळीचा.

औषध जहाल. ते नाकातोंडात जाऊ नये म्हणून रबरी मास्क घालून काम करायचं. मास्कच्या पुढं पत्र्याची एक डबी असते, तिच्यात कोळशाचा चुरा. हवा त्या चुऱ्यातून गाळून आत येते. दोन पाळ्यांत मिळून मास्क एकच होता. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा तो खिळ्याला टांगलेला होता. मी लांबूनच पाहिला आणि लिहून घेतलं, ‘मास्क सुस्थितीत.’ हात लावून बघायची अक्कल सुचली नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ मात्र मुद्देमाल म्हणून जप्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कारखान्यातला एक माणूस ठाण्यात आला. दारातच घुटमळला, मग आत येऊन हळूच म्हणाला, “साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. सकाळपाळीचा जो हाय ना, त्याचं अन् ह्याचं आठ दिवसांमागं लई वाजल्तं. माठापाशी फिरून राह्यल्ता म्हणं काल.”

“तू पाहिलंस?”

“म्या न्हाई. पण सगळे म्हणून राह्यलेत.”

सगळे म्हणतात, म्हणजे कुणीच पाहिलेलं नसतं. हे मी पुढं किती तरी नव्या पोरांना शिकवलं. त्या दिवशी मात्र मी सरळ जीप काढली आणि सकाळपाळीच्या माणसाला उचलून आणलं. दुपारपाळीच्याचे भाऊबंद अंबडहून एसटीनं आले होते, ठाण्याबाहेर बसून होते. माणूस मेला असता तर हा खुनाचा गुन्हा होणार होता आणि फास ह्याच्याच गळ्यात पडणार होता.

पंचविशीचा असेल. मॅट्रिक झालेला, बौद्ध वस्तीत राहणारा. त्याची बायको मागोमाग चालत आली. शिपायाला सांगत होती, “चार दिवस झाले त्यांना बरं न्हाई हो. डोकं धरून बसतेत.” मी आतून ऐकलं. लॉकअपमध्ये नवरा असला की प्रत्येक बाई हेच सांगते, असं म्हणून सोडून दिलं.

“काल जेवायला कुठं बसलास?” मी विचारलं.

“खोलीच्या मागं.”

“बरोबर कोण होतं?”

“कुणी न्हाई.”

“चहाला?”

“एकलाच असतो साहेब.”

“म्हणजे तू कुठं होतास ते सांगणारा एकही माणूस नाही?”

मग मी माठाचं विचारलं. म्हणाला, “मी घरून पाणी आणतो. त्या माठाला मला हात लावू देत न्हाईत.”

आता सांगा, ज्याला माठाजवळ फिरकू देत नाहीत तो सगळ्यांच्या देखत त्यात विष कसा कालवेल? शेंबड्या पोराला कळलं असतं. माझ्या मनात आलं ते उलटंच. म्हटलं, म्हणजे राग आहेच की! इथंच कारण सापडलं.

“भांडण कशावरून झालं?”

त्यानं भोवती उभ्या असलेल्या चार शिपायांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. “सोडा साहेब. काही न्हाई.”

त्याचे हात थरथरत होते. एवढ्या थंडीत सदरा घामानं भिजलेला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, ती तो बाहीनं पुसायचा. गुन्हेगाराचा घाम आपण शंभरात ओळखतो असा मला माज होता. मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि कोठडीत टाकला.

आमच्याकडं एक वयस्क मुस्लिम हवालदार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गार्ड बदलताना ते माझ्याकडं आले. “साहेब, जल्दी चला. त्या पोराची तब्येत बराबर न्हाई. डोळे बघा त्याचे.” मी गेलो. कोठडीत अंधार होता. अंधारात बाहुल्या मोठ्या होतात. ह्याच्या मोहरीएवढ्या बारीक झालेल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली आणि सुई भरता भरता विचारलं, “हीच केस परवा आली. तेच विष. ह्याला रात्रभर कुठं ठेवलं होतं?”

“कोठडीत.”

“कुणी?”

“मी.”

त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि सुई टोचली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून मी कारखान्यात गेलो. या खेपेला मास्क खिळ्यावरून काढून हातात घेतला आणि डबी हलवली. तिच्यातून पाणी ठिबकलं. आतल्या चुऱ्याचा चिखल झाला होता. फोरमनला विचारलं, तर म्हणाला, “दुपारवाला रोज बादलीत बुडवून धुतो साहेब. लई सोवळा मानूस.” डबीवर इंग्रजीत सूचना छापलेली होती, पाणी लागू देऊ नका म्हणून. कोळसा ओला झाला की तो विष अडवत नाही. दुपारी ओला मास्क घालणारा रोज सगळं आत ओढत होता. सकाळपर्यंत डबी वरून वाळायची, पण बाद ती बादच. म्हणून सकाळचा हळूहळू भरत होता आणि दुपारचा त्याच्या आधीच आडवा झाला.

तो तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. मी विचारलं, “डबी का धुवायचास रे?”

“तोंडाला लावायचं असतंय ना साहेब.”

“मग?”

“सकाळी तो लावतो. मंग धुवावंच लागतंय.”

जेवायच्या आधी हात धुवावेत तितक्या सहज त्यानं ते सांगितलं. बोलण्यात राग नव्हता, लाज नव्हती. मला मात्र त्याच्यावर ओरडता आलं नाही, कारण परवा तो माठ मीच जप्त केला होता आणि त्याला कुणाला शिवू देत नाहीत ते ऐकून सोडून दिलं होतं.

सकाळपाळीचा तिथून तीन खाटा सोडून होता. बायको खाली बसलेली. मी स्टूल ओढलं.

“भांडण धुण्यावरूनच ना?”

“हौ. म्या त्याला सांगितलं, डबी धुऊ नको, पाण्यानं बाद होती. वर लिहेल वाचून दाखवलं. तो म्हणला, तू मला शिकवतो का? फोरमनला नवी डबी मागितली. तो म्हणला, पुढल्या महिन्यात बघू.”

“अरे, मग मला का नाही सांगितलंस? मारही खाल्लास!”

“कशासाठी धुतो ते सांगावं लागलं असतं साहेब. चारजण उभे होते. त्याच्यापरीस मार बरा.”

त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. मी उठलो.

दोघंही बरे झाले. हलगर्जीपणाची केस मालकावर झाली. आता जबाबाचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठी.

सकाळपाळीच्याचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. त्यात वाक्य घातलं, ‘दुपारपाळीचा कामगार सदर मास्क स्वच्छतेसाठी धूत असे.’ वरून कुणाचा हुकूम नव्हता. बाहेर अंबडची माणसं बसलेली होती, वातावरण तापेल, कागद वाढतील, असा विचार माझा मीच केला. त्याला वाचायला दिला. तो अंगठेबहाद्दर नव्हता, ओळन् ओळ वाचत खाली आला आणि तिथं थांबला.

“साहेब, हे स्वच्छतेसाठी नव्हतं.”

“माहीत आहे.”

“तुमाला माहीत हाय ना? मंग तुमी तरी लिहा.”

मी पेन पुढं केलं. म्हटलं, “सही कर, आणि घरी जा.” त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं सही केली, पूर्ण नावानं, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. पुढच्या आठवड्यात तो कारखाना सोडून गेला. कुठं, ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला मला तोंड नव्हतं.

पुढं बदली जिथं झाली तिथल्या कारखान्यांत मी कामगारांना सांगत गेलो. ज्याचा मास्क त्यालाच ठेवा, रबर पुसा पण डबीला पाणी लावू नका, वास आत यायला लागला की डबी बदला आणि बदलून मिळाली नाही तर काम थांबवा. लोक ऐकायचे, माना हलवायचे. ह्या माणसाची गोष्ट मी त्यांना एकदाही सांगितली नाही.

तपासात चूक होते, ती सुधारता येते. मी ती सुधारलीही, त्याला सोडवलं. पण खरं कारण लिहायला शिवाशिवीविरुद्धचा कायदा होता, कलम होतं, पुस्तक माझ्याच टेबलावर होतं. तो माणूस जेवताना एकटा होता, कोठडीत एकटा होता. निदान त्या कागदावर तरी मी त्याच्या शेजारी बसू शकलो असतो. मी तिथंही त्याला एकटाच ठेवला.