अत्तराच्या गावातली न हुंगलेली जाई

सगळ्यांत आधी आली ती शेवंती. गोव्यात मोपाच्या विमानतळावरून घरी पोचून मी पायसुद्धा धुतले नव्हते, तर ही शेजारीण रिकामी बाटली घेऊन दारात. "काकी, अत्तर खंय?" फ्रान्सहून मी कळशी भरून आणणार, असं तिने अख्ख्या कारापुरात सांगून ठेवलं होतं. मी तिला साबण दिला. "इतक्या लांब जाऊन साबण?" म्हणाली, पण नेला.

मी गेले होते त्या गावाचं नाव ग्रास. माझी नात नेहा तिथे अत्तराच्या कारखान्यात कामाला आहे. "आजी, ये एकदा," म्हणून तिकीट पाठवलं, ते नेमकं चवथीतलं. चवथीला मी आजवर घर सोडलेलं नाही. पण मुलगा म्हणाला, "घरचो गणपती मी बघतां, तू जा." मग मी वीतभर मातीचा गणपती पंचात गुंडाळून बरोबरच घेतला.

जाणार असाल तर ऐका. मध्ये एकदा विमान बदलतं, मग नीस. नीसहून ग्रासला बस जाते, तिकीट तिथल्या कॉफीपेक्षा स्वस्त. नीसला चण्याच्या पिठाचं धिरडं मिळतं. मीठ कमी, बाकी आपलंच. ग्रास डोंगरावर आहे, सगळे चढच, गुडघे दुखत असतील तर सकाळी फिरा. गल्ल्यांवर गुलाबी छत्र्या उलट्यासुलट्या टांगल्यात. पाऊस नाही, काही नाही. आपण गणपतीवर फळं टांगून माटोळी बांधतो, तसं यांचं काहीतरी असावं.

पूर्वी गावात कातडी कमवायचे. हातमोज्यांना घाण यायची म्हणून फुलांचा वास लावू लागले, पुढे मोजे गेले, वास राहिला. म्युझियममध्ये तांब्याची मोठमोठी भांडी आहेत, आपल्या काजूच्या भट्टीवर असतात तशी. मी नेहाला म्हटलं, "यातून फेणी काढत नाहीत?" ती म्हणाली, "आजी, हळू बोल."

खरी गोष्ट चवथीच्या सकाळची. नेहाची घरमालकीण ओडील, माझ्याच वयाची, तिचा जाईचा मळा आहे. देवाला फुलं हवीत म्हटल्यावर तिने उजाडताच आम्हाला नेलं. सुरेख ओंजळभर जाई खुडली, आणि माझ्या हातात देण्याआधी त्यात नाक खुपसलं. चांगलं लांबलचक.

झालं! हुंगलेलं फूल देवाला कसं वाहणार? आणि गणपती तर पाटावर बसून वाट बघतोय.

मी म्हटलं, "नेहा, हिला सांग, दुसरी दे."

"आजी, राग येईल गो तिला. घर तिचं आहे!"

"घर तिचं, देव माझा. सांग."

नेहाने घाबरत घाबरत सांगितलं. ओडील कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "न हुंगता? मग फूल चांगलं की वाईट, कळणार कसं?"

"देवाला कळतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग गाल फुगवून, श्वास धरून तिने फुलं खुडायला सुरुवात केली. मध्येच पाठ फिरवून श्वास घ्यायची, परत गाल फुगवायची. मी सांगणार होते, इतकं नको, मुद्दाम नाकाला लावलं नाही म्हणजे पुरे. पण तोंड लाल झालं तरी बाई थांबेना, म्हटलं चालू दे. पहिल्या ओंजळीची वेणी करून मी तिच्याच केसांत माळली.

संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन दर्शनाला आली. दोघांनी नाकावर रुमाल बांधलेले. गणपतीपुढे तशीच उभी, डोळे तेवढे दिसतात. नेहा स्वयंपाकघरात पळाली, हसायला. मी आरती होऊ दिली, नेहाला बाहेर बोलावलं, मग देवावरचं एक फूल उचलून ओडीलच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "काढ रुमाल. आता प्रसाद झाला, हवा तितका हुंग."

तिने हुंगलं. मग नेहाकडे वळून काहीतरी सांगितलं. नेहा म्हणाली, "आजी, ती म्हणते वास तोच आहे. पण एवढ्या वर्षांत कामाशिवाय हुंगलेलं हे पहिलंच फूल."

मग माझ्या हातचे मोदक खाल्ले, तिने चार, नवऱ्याने सात.

आता घरी अत्तराची एकही बाटली नाही, शेवंती रोज टोमणा मारते. मारू दे. ओडील आणि तिचा नवरा कारापूरला यायचे आहेत, पुढच्या चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळी बांधायला.